सगळ्यांच्या भरवशाचा माणूस

प्रत्येक ग्रुपमध्ये असा एक जण असतोच. भांडण कुणाचंही असो, दोन्ही पार्ट्या शेवटी त्याच्याकडेच येतात. ब्रेकअप झालं की पहिला फोन त्याला. तो शांतपणे ऐकून घेतो, स्वतःहून फार बोलत नाही. अगदीच खोदून विचारलं तर म्हणतो, ‘जाऊ दे ना यार, मला यात नको पाडू.’ त्याच्या या ‘नको पाडू’मुळेच आपला त्याच्यावरचा विश्वास दुप्पट होतो. बहुतेक वेळा तो खरोखरच भला माणूस असतो. शेक्सपिअरने मात्र चारशे वर्षांपूर्वी असा एक जण लिहून ठेवलाय, जो भला नव्हता. त्याचं नाव इयागो आणि नाटक ‘ऑथेल्लो’.

इंग्रजी साहित्य घेतलेल्यांना हे नाटक परीक्षेपुरतं भेटतं आणि गाइडमध्ये त्याचं सार एका ओळीत असतं : संशयी नवऱ्याची शोकांतिका. बाकीच्यांना ते ‘ओमकारा’मुळे माहीत असतं. गाइडमधली ती एक ओळ मला कधीच पटली नाही. नाटक शांतपणे वाचलं तर दिसतं की ऑथेल्लो मुळात संशयी नाहीच. उलट त्याच्यासारखा पटकन विश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या नाटकात दुसरा नाही. बायकोवर संशय घेताना तो विश्वास ठेवायचं थांबवत नाही, फक्त तो विश्वास उचलून दुसऱ्याच्या पदरात टाकतो. आणि तो ‘दुसरा’ निघतो इयागो.

गोष्ट थोडक्यात सांगतो. व्हेनिसच्या फौजेचा सेनापती ऑथेल्लो हा ‘मूर’, म्हणजे काळा, परदेशातून आलेला. एका बड्या सरदाराची मुलगी डेस्डिमोना त्याच्या प्रेमात पडते आणि बापाला न सांगता लग्न करते. त्याच रात्री खबर येते की तुर्की आरमार सायप्रसवर चालून निघालंय. सगळे तिकडे रवाना होतात. पण वादळात तुर्कांची जहाजं बुडतात आणि युद्ध न होताच संपतं. आता विचार करा, एका बेटावर लढायला सज्ज झालेली फौज बसलीय आणि लढाईच नाहीये. अशा रिकाम्या जागेत इयागोचं काम सुरू होतं. त्याचा राग काय, तर हाताखालच्या मोठ्या पदावर ऑथेल्लोने त्याला डावलून कॅसिओ नावाच्या तरुण, देखण्या अधिकाऱ्याला बसवलं. प्रमोशन हुकलं! पुढे तो आणखीही कारणं सांगतो. ऑथेल्लोचं माझ्या बायकोशी काही तरी होतं म्हणे, कॅसिओचंही असेल म्हणे. इतकी कारणं सांगतो की शेवटी एकही खरं वाटत नाही.

इथे जहाजांचा एक तपशील आहे आणि माझ्या मते नाटकाची अर्धी शोकांतिका त्यात आहे. सायप्रसला जाताना ऑथेल्लो एका जहाजावर, कॅसिओ दुसऱ्या आणि डेस्डिमोना तिसऱ्या. डेस्डिमोनाला सुखरूप पोहोचवायची जबाबदारी ऑथेल्लो कुणावर सोपवतो? इयागोवर. हा प्रामाणिक आणि भरवशाचा माणूस आहे, असं भर दरबारात सांगून. म्हणजे लग्नानंतर लगेचच्या त्या अख्ख्या प्रवासात डेस्डिमोना आणि कॅसिओ एकत्र नव्हतेच. बेटावर उतरल्यावर जे काही घडतं ते स्टेजवरच्या घड्याळाने जेमतेम दीड-दोन दिवसांत उरकतं. ‘यांचं कधीपासून चाललंय’ असा साधा हिशेब कुणी बोटांवर केला असता तरी सगळा बनाव कोसळला असता. हा विरोधाभास अभ्यासकांनी फार पूर्वीच हेरलाय आणि नाटकात दोन वेगवेगळे काळ एकाच वेळी धावतात, असं ते त्याचं स्पष्टीकरण देतात. मला त्यात साधी माणसाची गोष्ट दिसते. डोक्यात संशय शिरला की कॅलेंडर कुणी उघडत नाही.

बरं, इयागोच्या जाळ्यात फसणारा ऑथेल्लो एकटा आहे का? अजिबात नाही. या नाटकात ‘ऑनेस्ट’ आणि ‘ऑनेस्टी’ हे शब्द मिळून पन्नासहून जास्त वेळा येतात आणि त्यातले कितीतरी इयागोच्या वाट्याला. ऑथेल्लो त्याला प्रामाणिक म्हणतो. दारू पाजून ज्याची नोकरी घालवली तो कॅसिओही रात्री त्याचा निरोप घेताना त्याला प्रामाणिकच म्हणतो. डेस्डिमोनासुद्धा नवरा असा का वागतोय हे विचारायला त्याच्याचकडे जाते. रॉडेरिगो नावाचा एक श्रीमंत, डेस्डिमोनावर लट्टू झालेला बावळट पोरगा आहे. त्याला इयागो ‘तुझं जमवून देतो’ सांगून लुटत राहतो आणि तिच्यासाठी म्हणून दिलेले दागिने मधल्या मध्ये गडप करतो. रॉडेरिगोला शंका येते, तो चिडतो, आता हिशेब दे म्हणतो आणि पाच मिनिटांत पुन्हा पटतो. आपल्याकडे म्हणतातच, भरवशाच्या म्हशीला टोणगा. इथे तर गावभरच्या म्हशी एकाच गोठ्यात बांधल्यात.

मग हा माणूस नेमकं करतो काय? तिसऱ्या अंकातला तिसरा प्रवेश उघडा आणि पेन्सिल घेऊन बसा. प्रवेश सुरू होतो तेव्हा ऑथेल्लो सुखी नवरा आहे. संपतो तेव्हा त्याने बायको आणि कॅसिओ दोघांना मारायचं ठरवलंय आणि कॅसिओचं पद इयागोला दिलंय. मध्ये एकच लांबलचक संभाषण. आणि त्याच्या पहिल्या अर्ध्या भागात इयागो जवळजवळ एकही ठाम विधान करत नाही!

सुरुवात होते एका पुटपुटण्याने. कॅसिओ डेस्डिमोनाशी बोलून लगबगीने निघून जातो. ते बघून इयागो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणतो की हे काही बरं दिसत नाही. ऑथेल्लो विचारतो, काय म्हणालास? छे, काही नाही. मग थोड्या वेळाने एक निरुपद्रवी प्रश्न : तुमचं प्रेम जुळत होतं तेव्हा कॅसिओला ते ठाऊक होतं का? ऑथेल्लो म्हणतो, हो तर, तोच आमच्यात निरोप्या होता. यावर इयागोची प्रतिक्रिया काय, तर नुसतं ‘अस्सं?’. बस. यापुढे तो ऑथेल्लोचेच शब्द त्याला परत ऐकवत राहतो. प्रामाणिक आहे का तो? प्रामाणिक? तुला काय वाटतं? वाटतं? शेवटी ऑथेल्लोच वैतागतो की माझ्याच बोलण्याचा प्रतिध्वनी काय काढतोयस, तुझ्या मनात काही तरी भयंकर आहे, ते बाहेर काढ.

खेळी बघा. आरोप अजून झालेलाच नाही, पण ऑथेल्लो तो मागतोय. आणि इयागो द्यायला तयार नाही. माझ्या मनातले विचार घाण असतील, मी उगाच वाईट बघणारा माणूस आहे, कुणाचं नाव खराब करणं म्हणजे त्याची खरी संपत्ती चोरणं, मत्सरापासून जपा हो, अशी उपदेशाची माळ. फसवणारा माणूस खोटं बोलून फसवतो, असा आपला समज असतो. इयागोची पद्धत उलटी आहे. तो सांगायला नकार देतो आणि समोरच्याला ते स्वतः खणून काढायला लावतो. स्वतः खणून काढलेली गोष्ट माणसाला खोटी वाटत नाही. आपल्या मोबाइलवरचं ‘तुला सांगायचं होतं, पण जाऊ दे’ हे त्याच जातीचं. पुढचे दोन तास आपण झोपत नाही.

आणि जिथे तो खरं बोलतो, तिथे तर जास्तच घातक ठरतो. तो आठवण करून देतो की हिने तुमच्याशी लग्न करताना बापाला फसवलं होतं. हे खोटं नाहीये. पहिल्या अंकात तिच्या बापाने, ब्रॅबान्शिओने, जाताना ऑथेल्लोला हेच ऐकवलेलं असतं की बापाला फसवलं तशी तुलाही फसवेल. तेव्हा ऑथेल्लोने ते उडवून लावलं होतं. आता तेच वाक्य ‘प्रामाणिक’ माणसाच्या तोंडून आलंय. कॅसिओला दिलेला सल्लाही असाच. गेलेली नोकरी परत हवी असेल तर डेस्डिमोनाला मध्ये घाल, ती मनाची फार चांगली आहे. सल्ला शंभर टक्के बरोबर! ती चांगली आहेच, शब्दही टाकते. आणि ती जितक्या वेळा कॅसिओसाठी नवऱ्याकडे शब्द टाकते, तितकी अडकत जाते. सापळ्यात आमिष म्हणून तिचा चांगुलपणाच लावलाय.

ऑथेल्लो अगदीच भोळा सांब आहे असंही नाही. एका क्षणी तो इयागोचा गळा धरतो. पुरावा दे, डोळ्यांनी दिसेल असा दे, नाही तर तुझी खैर नाही, असं बजावतो. इथे नाटक वळू शकलं असतं. पण इयागो काय करतो? दुखावतो! बघा, जगात प्रामाणिक राहणं धोक्याचं आहे, यापुढे मी कुणाचा मित्रच होणार नाही, असं म्हणून निघायला लागतो. आणि पुरावा मागणारा ऑथेल्लोच त्याला थांबवतो. प्रश्न विचारल्यावर जो उत्तर द्यायचं सोडून रुसतो, त्याची समजूत काढता काढता आपला प्रश्न राहूनच जातो. हा सीन आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलाय.

पुरावा म्हणून मग मिळतं काय? एक, कॅसिओ झोपेत काय बरळला याची इयागोने रचलेली कहाणी. दुसरा, रुमाल.

रुमालाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. स्ट्रॉबेरीची नक्षी भरलेला हा रुमाल ऑथेल्लोने डेस्डिमोनाला दिलेली पहिली भेट. तो हरवला कसा? ऑथेल्लोचं डोकं दुखत असतं, म्हणून डेस्डिमोना तो रुमाल त्याच्या कपाळाला बांधायला जाते. हा लहान आहे म्हणत तोच तो बाजूला सारतो, रुमाल खाली पडतो, आणि राहू दे म्हणून तिला घेऊन आत जातो. म्हणजे ज्या रुमालावरून पुढे खून होतो, तो त्याच्याच नाकारण्याने पडलाय, त्याच्याच पायाशी. तो उचलते एमिलिया, म्हणजे डेस्डिमोनाची सोबतीण आणि इयागोची बायको. नवरा कधीचा मागे लागलाय, काय करायचंय ते त्यालाच ठाऊक, असं म्हणून ती रुमाल त्याला देऊन टाकते. इयागो तो कॅसिओच्या खोलीत टाकतो. कॅसिओला नक्षी आवडते. मालक सापडेपर्यंत तशीच दुसऱ्या कापडावर काढून दे, म्हणून तो रुमाल त्याची मैत्रीण बियांका हिच्याकडे देतो.

पुढच्याच प्रवेशात डेस्डिमोना विचारते, कुठे गेला असेल गं रुमाल? एमिलिया समोर उभी आहे आणि म्हणते, मला नाही बाई ठाऊक. मग ऑथेल्लो येतो, रुमाल मागतो, त्यात जादू आहे वगैरे सांगून घाबरवतो. त्या घाईत डेस्डिमोनाही म्हणून जाते की हरवलेला नाहीये. एमिलिया हे सगळं बघते, ऐकते. गप्प राहते. दोन निष्पाप बायकांची दोन किरकोळ खोटी. एकीचं नवऱ्याची मर्जी राखण्यासाठी, दुसरीचं नवऱ्याच्या भीतीने. इयागोच्या कटाइतकाच या दोन वाक्यांनीही घात केलाय, आणि मला वाटतं शेक्सपिअरचा सगळ्यात निर्दय भाग हाच आहे. गंमत म्हणजे त्याने ज्या इटालियन कथेवरून हे नाटक बेतलं, त्या १५६५ साली छापलेल्या सिंथिओच्या गोष्टीत रुमाल खलनायक स्वतःच चोरतो. डेस्डिमोना त्याच्या लहान मुलीला कडेवर घेऊन खेळवत असते तेव्हा, तिच्या कमरेचा. शेक्सपिअरने ती चोरी काढून टाकली. त्याच्या नाटकात रुमाल कुणी चोरतच नाही. चांगली माणसंच तो एका हातातून दुसऱ्या हातात देत राहतात.

उरलेलं काम चौथ्या अंकातला ‘व्हिडिओ’ करतो. इयागो ऑथेल्लोला लपवून उभा करतो आणि कॅसिओशी बियांकाबद्दल बोलायला लागतो. कॅसिओ खिदळतो, ती माझ्या कशी गळ्यात पडते याची नक्कल करून दाखवतो. ऑथेल्लो हावभाव बघतो आणि मनात डबिंग करतो की हा डेस्डिमोनाबद्दलच बोलतोय. तेवढ्यात बियांका खरोखरच तो रुमाल घेऊन येते. डोळ्यांनी दिसणारा पुरावा मागितला होता ना? मिळाला. कुठल्याशा चॅटचा मधलाच तुकडा कापून पाठवलेला स्क्रीनशॉट जसा खरा असतो, तसाच हाही अगदी खरा होता.

आता मूळ प्रश्न. एवढा रणांगण गाजवलेला सेनापती बायकोऐवजी इयागोवर विश्वास का ठेवतो? उत्तर व्हेनिसमध्ये आहे. ऑथेल्लो तिथे कितीही मोठा झाला तरी बाहेरचा आहे. त्याचं आयुष्य छावण्यांमध्ये गेलंय. सासरा त्याला जेवायला बोलावून त्याच्या शौर्याच्या गोष्टी ऐकायचा, पण जावई म्हणून समोर आल्यावर चेटूक केल्याचा आरोप करतो. इयागोला ही दुखरी जागा बरोबर माहीत आहे. आमच्या व्हेनिसच्या बायका मी ओळखून आहे, तुम्हाला त्यांच्या तऱ्हा काय ठाऊक, असं तो सुचवतो. आपल्याच रंगाच्या, आपल्याच तोलाच्या इतक्या मुलांना नाकारून हिने तुम्हाला निवडलं, हेच मुळात विचित्र नाही का, असंही. ऑथेल्लोला पटतं, कारण ही शंका त्याच्या मनात आधीपासून दबा धरून होतीच. नव्या शहरात आलेल्या माणसाला ‘इथलं कसं असतं’ सांगणारा एक जण लागतोच. त्याने इयागोला आपला दुभाषी केलं आणि बायकोचाही अर्थ त्याच्याकडूनच लावून घेतला.

ही बाहेरचेपणाची बाजू रंगभूमीने फार काळ झाकली. कित्येक वर्षं गोरे नट तोंडाला काळं फासून ऑथेल्लो करत. आयरा ऑल्ड्रिज या कृष्णवर्णीय नटाने लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये १८३३ साली तो केला. पॉल रोबसनने १९४३मध्ये ब्रॉडवेवर उभा केलेला ऑथेल्लो तब्बल २९६ प्रयोग चालला. २०१५मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीने आणखी एक गंमत केली आणि इयागोच्या भूमिकेतही कृष्णवर्णीय नट घेतला, लुशियन मसमाटी. एका फटक्यात विश्वासाचं कारणच बदललं. परक्या गावात आपल्यासारखा दिसणारा माणूस भेटल्यावर त्याच्यावर कोण संशय घेईल?

मराठीशी या नाटकाचं नातं जुनं आहे. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७मध्येच त्याचं भाषांतर केलं होतं. पण ते इथल्या मातीत रुजवलं गोविंद बल्लाळ देवलांनी, १८९०च्या ‘झुंझारराव’मध्ये. डेस्डिमोनाची कमळजा झाली आणि इयागोचा जाधवराव. पुढची गोष्ट आणखी मजेशीर. याच देवलांनी तीनच वर्षांनी ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ लिहिलं, तेच पुढे ‘संगीत संशयकल्लोळ’ झालं. तिथेही एक वस्तू पडते, भलत्याच्या हाती लागते आणि नवरा-बायकोत वणवा पेटतो. रुमालाऐवजी तसबीर, एवढाच फरक. म्हणजे एकाच लेखकाने एकाच पुराव्यावर एक शोकांतिका मराठीत आणली आणि एक फार्सही. फार्स हसवतो, कारण तिथले सगळे संशयी शेवटी समोरासमोर येतात, तावातावाने भांडतात आणि भांडता भांडता तसबीर कुणाकडून कुणाकडे गेली हे उलगडतं. ‘झुंझारराव’ वाचून झाल्यावर लगेच ‘संशयकल्लोळ’ वाचून बघा. हसता हसता मध्येच घशात काही तरी अडकतं.

‘ओमकारा’त विशाल भारद्वाजने रुमालाचा कमरबंद केला आणि सगळं उत्तर प्रदेशातल्या बाहुबली राजकारणात नेऊन बसवलं. लंगडा त्यागीच्या रूपातला सैफ अली खान सगळ्यांना आठवतो. पण चित्रपटातला मोठा बदल शेवटी आहे. तिथे इंदू, म्हणजे एमिलिया, नवऱ्याचा गळा चिरते. थिएटरमध्ये बरं वाटतं ते. मूळ नाटक प्रेक्षकाला तेवढंही बरं वाटू देत नाही.

मूळ नाटकात ऑथेल्लो डेस्डिमोनाला बिछान्यातच गुदमरवून मारतो. त्याआधी ती विनवते की कॅसिओला बोलवा, त्याला विचारा. तो सांगतो, त्याचं तोंड कायमचं बंद झालंय. प्रत्यक्षात कॅसिओ फक्त जखमी असतो. एमिलिया धावत येते. तुमच्याशी हे बोललं कोण? तुझाच नवरा. माझा नवरा? हो, तुझा नवरा. ती तेच पुन्हा पुन्हा विचारत राहते, कारण त्या क्षणी तिला रुमाल आठवू लागलाय. मग इयागो येतो. घरी जा, गप्प बस, असं दरडावतो. आयुष्यभर नवऱ्याचं ऐकलेली ती बाई तेव्हा ऐकत नाही. सगळ्यांसमोर सांगते की रुमाल मला सापडला होता, मीच याला दिला. इयागो तिला तिथेच भोसकतो.

त्यानंतर जखमी कॅसिओला आणतात आणि ऑथेल्लो त्याला विचारतो, तुझ्याकडे माझ्या बायकोचा रुमाल कसा आला? कॅसिओ सांगतो, माझ्या खोलीत पडलेला सापडला. एक प्रश्न, एक उत्तर. अख्ख्या नाटकात पहिल्यांदाच हा प्रश्न ज्याला विचारायला हवा होता त्याला विचारला जातो, तेव्हा डेस्डिमोना बाजूलाच मरून पडलीय.

ऑथेल्लोला एवढंच जाणून घ्यायचंय की या माणसाने असं का केलं. इयागो सांगतो, मला काही विचारू नका, जे कळलंय ते कळलंय, यापुढे मी एक शब्द बोलणार नाही. ऑथेल्लो स्वतःला संपवतो. इयागोला काय शिक्षा द्यायची, कुठे, कधी, हे नव्या गव्हर्नरने, म्हणजे कॅसिओने, ठरवायचं असतं. नाटक संपतं तेव्हा इयागोच्या अंगातून रक्त वाहतंय, पण तो जिवंत आहे.